फाटे कमी, आठवण जास्त: वाचकाने घडवायची चित्रकथा कशी बांधावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही चित्रकार आहात. आईच्या पश्चात दोन बहिणी तिचं घर आवरायला बसतात, अशी एक 'अरेषीय' (एकाच ठरलेल्या क्रमाने न जाणारी) डिजिटल चित्रकथा करताय आणि ती वाचकाने आपल्या मर्जीने पुढे न्यावी अशी तुमची इच्छा आहे. प्रत्येक वळणावर तीन पर्याय ठेवून आराखडा काढायला घेतलात आणि पाचव्या पायरीला कागद पुरेना. त्यात, तयार झालेला भाग वाचून मैत्रिणी म्हणाल्या, "काहीही निवडलं तरी काय फरक पडला?" म्हणून तुम्ही विचारताय, की फाटे किती ठेवावेत, कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं आणि वाचकाला मागे जाऊ द्यावं का.

आधी हिशेब करू. प्रत्येक ठिकाणी तीन पर्याय आणि अशा पाच पायऱ्या म्हटल्या, तर पहिला प्रसंग धरून 1, 3, 9, 27, 81 आणि 243 असे मिळून 364 प्रसंग होतात. एका वेळी वाचणाऱ्याच्या वाट्याला त्यातले येतात 6. उरलेली 358 चित्रं तुम्ही काढलीत, हे त्याला ठाऊकही नसतं. मैत्रिणींची तक्रार आणि तुमची दमछाक, दोन्हींचं मूळ एकच आहे. सगळी मेहनत रुंदीत गेली, म्हणून जी वाट वाचक खरोखर चालला तिच्यात फार काही घालता आलं नाही. न चाललेल्या वाटांशी वाचक तुलना करतच नाही, त्या त्याने पाहिलेल्याच नसतात. तो तुलना करतो आपल्याच मघाच्या कृतीशी. "मी ती पेटी लपवली होती. या कथेला ते आठवतंय का?" एवढंच तो तपासत असतो. आठवत असेल तर कथा त्याची होते. नसेल तर हजार फाटे असूनही ती तुमचीच राहते.

हे नवं नाही. 1967 साली मॉन्ट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात दिग्दर्शक रादुझ चिन्चेरा यांचा 'किनोऑटोमॅट' हा प्रयोग झाला. सिनेमा मध्येच थांबायचा, रंगमंचावरचा निवेदक पुढे येऊन आता काय व्हावं ते विचारायचा आणि प्रेक्षक खुर्चीवरचं बटण दाबून मत द्यायचे. वास्तविक प्रत्येक मतदानानंतरचे दोन्ही फाटे पुढच्या मतदानापाशी पुन्हा एकत्र येत आणि शेवट एकच होता. दर वेळी दुप्पट होत जाणारं चित्रीकरण करायचं नाही, एवढा शहाणपणा हा प्रयोग करणाऱ्यांकडे होता. एकदाच पाहणाऱ्याला ही चलाखी कळत नसे. मात्र माझ्या मते त्यातला कच्चा दुवा नेमका हाच, की फाटे जुळल्यावर सिनेमा झालेलं मतदान विसरून जायचा. फाटे जुळवायला हरकत नाही. जुळताना विसरायला हरकत आहे.

अशा बांधणीचे प्रकार, वाचकाने निवड करायच्या कथांवर लिहिणारे सॅम काबो अॅशवेल यांनी 2015 मध्ये एका लेखात छान वेगळे केलेत. तुम्ही जे काढायला बसलात तो त्यांच्या वर्गीकरणात फाटतच जाणारा, कधीही न जुळणारा प्रकार आहे. असल्या कथा छोट्या ठेवाव्या लागतात आणि वाचकाने त्या पुन्हा पुन्हा वाचाव्यात अशी त्यांची अपेक्षा असते. तुम्हाला हवा तो दुसरा: फाटे फुटतात, ठरावीक गाठींवर परत येतात आणि गाठीतून पुढे जाताना मागचं ओझं बरोबर नेतात. तुमच्या कथेला चार-पाच गाठी पुष्कळ झाल्या. घरात शिरणं, ताईचं येणं, भांडण किंवा भांडण टळणं, कुलूप लावणं. या प्रत्येक वाचकाच्या वाटेवर येतीलच. येताना मनात आणि हातात काय असेल, ते त्याने ठरवायचं.

आता हे नुसतं बोलून कळत नाही, म्हणून तुमच्याच कथेतला एक तुकडा घेतो. धाकटीच्या हाती पत्रांची पेटी लागते. ताई अजून आलेली नाही. ट्वाइन नावाच्या, फाट्यांच्या कथा बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये दुवे लिहितात तसं लिहिलं तर:

[[झाकण उघडायचं->ताई येते]]
[[न उघडता खोक्यात टाकायची->ताई येते]]
[[ताई यायच्या आत पिशवीत सरकवायची->ताई येते]]

तिन्ही पर्यायांचं पुढचं पान एकच आहे, 'ताई येते'. फक्त जाता जाता कथेने 'पेटी' या नावाच्या कप्प्यात 'उघडली', 'बांधली' किंवा 'लपवली' यातला एक शब्द टिपून ठेवायचा. (त्यासाठी दुव्याला एक छोटी सूचना जोडावी लागते. ती प्रत्येक सॉफ्टवेअरची वेगळी.) मग 'ताई येते' या पानावर फक्त पहिली दोन वाक्यं बदलतात.

उघडली असेल तर: ताईची नजर आधी झाकणाकडे गेली, मग माझ्याकडे. "वाचलीस?"

बांधली असेल तर: "एवढंच झालं तासाभरात?" खोकं पायाने सरकवत ताई म्हणाली. आत पेटी खडखडली.

लपवली असेल तर: ताई नेमकी पिशवीशेजारीच बसली. मी पिशवी जवळ ओढली तशी म्हणाली, "असू दे गं, अडचण नाही मला."

पुढचं सगळं पान तेच. लिहायला तीन ओळींचा खर्च आला आणि वाचकाला मात्र तीन वेगळ्या ताया भेटल्या: संशय घेणारी, घाईतली, काही न कळलेली. त्यानंतर येणारी ताईची साधी वाक्यंसुद्धा तो त्या चष्म्यातून वाचतो. ही फुकटची कमाई आहे आणि या माध्यमाचं खरं बळ इथेच आहे.

पण एकदा दाखवून सोडून देऊ नका. माझा ठोकताळा असा, की महत्त्वाची निवड तीनदा दिसली पाहिजे: लगेच, मध्ये कुठेतरी वाचक विसरत आला असताना, आणि शेवटी. मधली खूण सगळ्यात मोलाची. आईच्या चष्म्याचा प्रसंग चालू आहे, पेटीचा विषय कधीच मागे पडला आहे आणि ताई सहज म्हणते, "हा तरी मला विचारून ठेव." ज्याने पेटी लपवली त्याच्या पोटात गोळा येतो. तिला कळलं होतं तर! इतरांना हे वाक्य दिसतच नाही. त्याची त्यांना उणीवही भासत नाही.

काय टिपायचं, याची यादी मात्र आखूड ठेवा. नवशिक्यांचा हात इथे सैल सुटतो आणि तीस-चाळीस गोष्टी टिपल्या जातात. त्यातल्या पाचच पुढे वापरल्या जातात आणि बाकीच्या तपासणीत डोकं खातात. तुमच्या कथेला चार वस्तूंची अवस्था, ताईला पेटीबद्दल ठाऊक आहे की नाही, आणि धाकटीचा कल ताईकडे झुकतोय की दुरावतोय, एवढं पुरे. शेवटची नोंद आकड्यात ठेवावी, पण वाचकाला आकडा कधीही दाखवू नये. 'ताईशी जवळीक +1' असं पडद्यावर आलं की वाचक बहिणीशी बोलणं सोडून गुण मिळवायला लागतो.

आता पर्यायांबद्दल, कारण कथा बहुतेक वेळा इथेच फसते. डावं दार की उजवं दार, हा पर्याय नव्हे, चिठ्ठी टाकणं आहे. वाचकाला दोन्हींबद्दल काही माहीत नसेल तर निवडीला अर्थ येणार कुठून? उलट एक पर्याय उघडच भला आणि दुसरा उघडच दुष्ट असेल, तर तीही निवड नव्हे. चांगल्या पर्यायात वाचकाला दोन्हीकडचं थोडं माहीत असतं आणि दोन्हीकडे काहीतरी हातचं जातं. आणखी एक पथ्य: पर्यायावर लिहिलेला शब्द म्हणजे वचन. वाचकाने 'गप्प बसायचं' निवडलं आणि पुढच्या पानावर धाकटी तोंड उघडून दोन टोमणे मारून मोकळी झाली, तर त्या क्षणापासून वाचक तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. तो नीट वाचतही नाही, नुसतं दाबत सुटतो.

मला सगळ्यात आवडणारा प्रकार म्हणजे कृती एक, कारणं दोन. उदाहरणार्थ:

पेटी लपवायची. ताईला आत्ता हे झेपायचं नाही.
पेटी लपवायची. यातली निम्मी पत्रं माझ्यासाठी लिहिलेली आहेत.

चित्र तेच, घटना तीच. कथानकाच्या आराखड्यावर हा फाटा दिसतसुद्धा नाही. तरी वाचकाने इथे धाकटीचं मन ठरवलं, आणि शेवटच्या प्रसंगात पेटी उघडकीला येते तेव्हा तिच्या तोंडी कोणतं वाक्य यावं हे त्यावरून ठरेल. कथेला वाचकाने घडवावं म्हणजे घटनाच बदलाव्यात, असं कुठे आहे? पुष्कळदा अर्थ बदलला तर जास्त लागतं.

जो पर्याय निवडता येत नाही तोही बोलतो. 2013 च्या 'डिप्रेशन क्वेस्ट' या संगणकावर वाचायच्या खेळात नैराश्यात असलेल्या माणसाला शहाणपणाचे पर्याय पडद्यावर दिसतात, पण त्यांवर काट मारलेली असते. ते दाबता येत नाहीत. अवस्था जितकी वाईट, तितके काट मारलेले पर्याय जास्त. "कळतंय पण वळत नाही" हे पानभर वर्णन करून जे साधलं नसतं ते एका रेघेने साधलं. तुमच्या कथेत 'ताईला मिठी मारायची' हा पर्याय काट मारून ठेवला आणि फक्त एका वाटेने आलेल्याला तो मोकळा मिळाला, तर त्याचं वजन काय होईल विचार करा. (अशी युक्ती एका कथेत एकदाच करावी.)

तुम्ही चित्रकार आहात, ही तुमची जमेची बाजू. लिहिणाऱ्याला आठवण शब्दांतच दाखवावी लागते, तुम्हाला ती खोलीत दाखवता येते. चार वस्तू धरा: पेटी, चष्मा, भिंतीवरचं घड्याळ, शिलाई मशीन. प्रत्येकीच्या तीन अवस्था: जागेवर, खोक्यात, नाहीशी. म्हणजे रिकाम्या खोलीवर ठेवायचे 12 थर. त्यांतून खोलीची 81 वेगवेगळी चित्रं आपोआप तयार होतात आणि वाचकासमोर येते ती त्याच्या निर्णयांनी उरलेली खोली. 364 चित्रांच्या जागी एक खोली आणि 12 थर, असा हा सौदा आहे.

यात दोन अडचणी येतात, त्या आधीच सांगतो. पहिली सावलीची. मशीनची सावली जमिनीवरच्या खोक्यावर पडत असेल आणि खोकं त्या वाचकाच्या खोलीत नसेलच, तर सावली हवेत लोंबते. म्हणून उजेडाची एकच दिशा ठरवा, वस्तू एकमेकींच्या सावलीबाहेर मांडा आणि प्रत्येक सावलीचा थर वेगळा, गडद करणाऱ्या मिश्रणपद्धतीने ठेवा. दुसरी अडचण जुळणीची. सगळे थर खोलीच्याच मापाच्या पारदर्शक कॅनव्हासवर निर्यात करा, म्हणजे जागा मोजत बसावं लागत नाही. पारदर्शक भागाचं फाइलमध्ये फारसं वजन होत नाही.

आणि 'नाहीशी' या अवस्थेचंही चित्र काढा, बरं का. घड्याळ काढल्यावर भिंतीवर न विटलेल्या रंगाचा गोल राहतो. मशीन हललं की चार पायांचे ठसे आणि मध्ये धुळीचा चौकोन राहतो. वस्तू गेली हे रिकाम्या भिंतीने कळत नाही, त्या गोलाने कळतं. वाचक तीन प्रसंगांनंतर परत त्या खोलीत येतो तेव्हा मजकुरात घड्याळाचा उल्लेखही करू नका. गोल आपलं काम करतो.

खोलीतल्या वस्तूच दाबायच्या ठेवल्या तर पर्यायांची यादी लागत नाही. पण मग वाचकाला कळायला हवं की काय दाबता येतं. फोनवर माउस नसतो, त्यामुळे 'वर नेल्यावर उजळेल' ही सोय तिथे कामाची नाही. वस्तूला चित्रातच थोडा वेगळा उजेड किंवा वेगळी रेघ द्या. स्पर्शाचा भाग बोटाएवढा मोठा ठेवा, चष्मा कितीही नाजूक काढला असला तरी. कीबोर्डवरून एकेका वस्तूवर जाता आलं पाहिजे आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यासाठी चित्राचं वर्णनही अवस्थेप्रमाणे बदललं पाहिजे. 'खोलीचं चित्र' हे वर्णन कोणाच्याच कामाचं नाही. 'भिंतीवर घड्याळाच्या जागी फिकट गोल' हे आहे.

इथवर फाट्यांबद्दल बोललो. पण तुमच्या प्रश्नात 'अरेषीय' असा शब्द आहे, आणि फाटे असलेली कथा वाचणाऱ्याला तरी सरळ रेषेतच भेटते. खऱ्या अर्थाने क्रम मोडायचा तर तुकडे कोणत्याही क्रमाने वाचता यायला हवेत. कागदावर हे करून झालंय. 1969 साली ब्रिटिश लेखक बी. एस. जॉन्सन यांची एक कादंबरी 27 सुट्या भागांत, खोक्यात घालून निघाली. पहिला आणि शेवटचा भाग ठरलेला, मधले 25 हवे तसे पिसायचे. संगणकावर अमेरिकी लेखक मायकल जॉइस यांनी 1987 मध्ये 'आफ्टरनून, अ स्टोरी' केली तेव्हा त्यांनी पुढचं पाऊल टाकलं: काही दुवे वाचकाने आधी ठरावीक तुकडे वाचले असतील तरच उघडतात. म्हणजे क्रम वाचकाचा, पण कळ लेखकाच्या हातात. ही कल्पना आजही जशीच्या तशी वापरता येते आणि तुमच्या कथेला तर ती फिट्ट बसते.

कारण घर आवरणारा माणूस क्रमाने आवरत नाही. हातात येईल ते उचलतो. म्हणून मधला भाग चार वस्तूंच्या चार सुट्या प्रसंगांचा करा आणि वाचकाला हव्या त्या वस्तूपासून सुरू करू द्या. चार प्रसंगांचे 24 क्रम होतात, पण लिहायचे चारच. 2009 पासून वेबवर चालणाऱ्या 'फॉलन लंडन' या वाचायच्या खेळामुळे ही पद्धत रूढ झाली. कथेचे छोटे सुटे तुकडे असतात आणि प्रत्येकाला तीन गोष्टी जोडलेल्या असतात: हा केव्हा दिसावा, यात काय आहे, आणि हा वाचल्यावर काय बदलावं. चष्म्याचा प्रसंग केव्हाही दिसेल. त्यातला 'हा तरी मला विचारून ठेव' हा भाग फक्त पेटी लपवून झाली असेल तर.

सुट्या तुकड्यांचं लेखन वेगळं असतं, याची तयारी ठेवा. 'त्यानंतर', 'पुन्हा एकदा', 'आता शेवटचं' हे शब्द हद्दपार. 'ती' म्हणजे आई की ताई, हे प्रत्येक तुकड्यात स्वतंत्रपणे कळलं पाहिजे. रडू कुठे फुटेल हे तुमच्या ताब्यात नसतं, म्हणून चारही तुकडे टिपेचे लिहू नका. टीप गाठीच्या प्रसंगासाठी राखून ठेवा आणि ती गाठ किती तुकडे झाले त्यावर सोडा, कोणता तुकडा झाला त्यावर नको. तीन वस्तू हाताळून झाल्या की ताई बोलायला लागते, मग तिसरी कोणतीही असो. चौथी वस्तू काहींची पाहायची राहील. राहू दे. घर आवरताना काहीतरी राहतंच.

क्रम शब्दांवर सोडण्याचाही एक मार्ग आहे. सॅम बार्लो यांच्या 2015 च्या 'हर स्टोरी' या संगणकखेळात पोलीस चौकशीच्या चित्रफिती एका शोधखिडकीमागे आहेत. तुम्ही शब्द टाइप करायचा, तो ज्या फितींत उच्चारलाय त्या येतात, पण पहिल्या पाचच. सामान्य शब्द टाकला तर सुरुवातीच्याच फिती दिसतात. आतलं ऐकायचं तर नेमका शब्द सुचावा लागतो, आणि तो सुचतो ऐकलेल्यातूनच. अफाट युक्ती आहे, पण तुमच्या कथेसाठी मी सुचवणार नाही. तिथे वाचक तपास करतोय, तुमचा वाचक निरोप घेतोय.

सॉफ्टवेअरचं लवकर आटपतो. ट्वाइन घ्या. क्रिस क्लिमास यांनी 2009 मध्ये आणलं, फुकट आहे आणि शेवटी एकच एचटीएमएल फाइल हातात देतं जी कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते. त्यात मांडणीचे निरनिराळे साचे आहेत. हार्लो सुरुवातीला सोपा पडतो, पण थरांचं चित्र आणि साठवण हवी असेल तर मी शुगरक्यूब वापरतो. मजकूर खूप वाढणार असेल तर इंक पाहा. इंकल स्टुडिओने ते 2016 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यात सगळं साध्या मजकुरात लिहिलं जातं आणि फाटे जुळवणं हा तर त्याचा हातखंडा. पात्रं समोर उभी करून संवाद दाखवायचे असतील तर रेनपाय आहे, फक्त आधी चार जोडाक्षरं लिहून ती नीट उमटतात का ते बघा. काहीही निवडलंत तरी मजकूर आणि चित्रांच्या मूळ फायली वेगळ्या, उघड्या स्वरूपात जपून ठेवा. ब्राउझरमध्ये हलती चित्रं आणि खेळ चालवणाऱ्या फ्लॅश या सॉफ्टवेअरचा आधार 31 डिसेंबर 2020 ला काढून घेतला गेला तेव्हा या क्षेत्रातलं किती काम एका फटक्यात ब्राउझरमधून दिसेनासं झालं, ते पाहिलेला माणूस ही सूचना केल्याशिवाय राहणार नाही. नंतर अनुकरण करणारी साधनं आली म्हणून त्यातलं काही परत पाहता येतं, एवढंच.

मराठीत करताय म्हणून दोन गोष्टी, ज्या इंग्रजी शिकवण्यांत सापडणार नाहीत. पहिली: मजकूर टंकलेखनासारखा एकेक अक्षराने उमटवायचा मोह आवरा. संगणकाच्या लेखी 'क्षितिज' मधला 'क्षि' म्हणजे क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार तुकडे. ते एकेक करून आले तर पडद्यावर आधी 'क' दिसतो, मग 'क्', मग 'क्ष', आणि मग वेलांटी मागे उडी मारून बसते. शब्द थरथरतो. अक्षरसमूह ओळखणाऱ्या सोयी आहेत, पण सगळ्या ब्राउझरांत जोडाक्षरं सारखी सांभाळली जातात असं नाही. शब्दाशब्दाने उमटवा, वाचायलाही ते सुखाचं. तसंच अक्षरांमधलं अंतर वाढवून शीर्षक सजवू नका, शिरोरेघ तुटते. ओळींमधलं अंतर सढळ ठेवा, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात.

दुसरी गोष्ट व्याकरणाची आणि ती जास्त छळते. इंग्रजीत वस्तूचं नाव कप्प्यातून काढून वाक्यात बसवलं की काम झालं. मराठीत 'मी ___ लपवला' या साच्यात चष्मा बसतो, पण पेटी 'लपवली' होते आणि घड्याळ 'लपवलं'. पुढे 'चष्म्याला', 'पेटीला', 'घड्याळाला' अशी रूपं बदलतात. नुसता प्रत्यय चिकटवला तर 'चष्माला' असं काहीतरी बाहेर पडतं आणि वाचक जागा होतो. म्हणून प्रत्येक वस्तूमागे तीन नोंदी ठेवा: नाव, सामान्यरूप, लिंग. वाचकाला नायिकेचं नाव किंवा लिंग निवडू देणार असाल तर हीच कसरत प्रत्येक क्रियापदाला करावी लागते. तिथे वाक्यं कर्मणी वळणाने लिहिली की बरंच निभतं. 'मी गेले / गेलो' ऐवजी 'मी दार ओढून घेतलं', म्हणजे क्रियापद दाराकडे बघतं, बोलणाऱ्याकडे नाही.

सगळं संगणकावर नेण्याआधी एकदा कागदावर करून पाहा. प्रसंग सुट्या चिठ्ठ्यांवर लिहा, टिपायच्या सहा गोष्टी एका कागदावर मांडा, समोर एकाला बसवा आणि तुम्ही संगणक व्हा: तो सांगेल ती चिठ्ठी द्या, कागदावर खूण करा. स्वतः काही समजावून सांगायचं नाही. तो कुठे थबकला, कुठे न वाचता निवडलं, कुठे "मग ती पेटी?" म्हणाला, तेवढं टिपायचं. "आवडलं का?" हा प्रश्न विचारू नका, लोक सौजन्याने हो म्हणतात. "काय काय झालं ते सांग" म्हणा. सांगताना तो 'तिने लपवली' म्हणतोय की 'मी लपवली', याकडे कान ठेवा.

शेवट किती असावेत, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. एकच प्रसंग: कुलूप लावणं. त्यात हातात काय आहे, किल्ली कोणाकडे जाते आणि कोण आधी बोलतं, एवढं बदलू द्या. आणि खाली '12 पैकी 3 शेवट सापडले' अशी पाटी अजिबात लावू नका. ती पाटी वाचली की नुकताच घेतलेला निर्णय रद्दबातल होतो आणि वाचक राहिलेले नऊ गोळा करायला निघतो. कोडी सोडवायच्या खेळात ते चालतं.

राहिला मागे जाण्याचा प्रश्न. ट्वाइनच्या बऱ्याच साच्यांत मागे-पुढेचे बाण आपोआप येतात, म्हणून काहीच ठरवलं नाहीत तरी ते ठरलेलं असतं. हास्यकथा किंवा कोडं असतं तर मी बाण ठेवा म्हटलं असतं. तुमच्या कथेत काढून टाका. फेकलेली वस्तू एका बाणाने परत येत असेल तर फेकण्याला काही अर्थ उरत नाही. मात्र वाचलेला मजकूर वर सरकवून पुन्हा वाचता आला पाहिजे, तो हक्क काढून घेऊ नका. पहिल्यापासून सुरू करण्याची सोयही हवीच. फोनवर चुकून बोट लागतं, त्याचा बंदोबस्त वेगळा: पहिल्या स्पर्शाला वस्तू मोठी होऊन तिच्याबद्दलचं एक वाक्य आणि पर्याय दिसावेत, दुसऱ्या स्पर्शाला निर्णय पक्का व्हावा, बाहेर कुठेही दाबलं तर वस्तू जागेवर परत जावी. आणि प्रत्येक निर्णयानंतर कथा स्वतःहून साठवली जाऊ द्या. मध्येच फोन आला आणि परत आल्यावर वाचकाला पुन्हा भरलेली खोली दिसली, तर तो दुसऱ्यांदा घर आवरायला बसणार नाही.